अक्काच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक

अक्काने जाण्याआधी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सेतू, माझ्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक तू कर. भाड्याच्या माणसांच्या हातचं मला नको."

"तोवर मीच वर गेलो तर?" मी म्हटलं.

"तर तिकडे करून वाढ."

आमच्यात बोलणं असंच चालायचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण विद्यालक्ष्मी. तिचा मुलगा राघोत्तम तेव्हा पलंगाशेजारीच बसला होता. त्यानेही मान डोलावली होती.

मी आचारी. तंजावर सोडून मद्रासेला आलो तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी घरांतली श्राद्धं करत आलो. दुसऱ्या आचाऱ्यांना लोक लग्नात आठवतात, मला तिथीला. या स्वयंपाकात एक अडचण असते. चाखून बघता येत नाही. पितरांच्या नावाने बसलेल्या ब्राह्मणांच्या पानात पडेपर्यंत कुणाच्या जिभेला काही लागता कामा नये. मीठ हाताच्या अंदाजाने आणि वासाने ठरवायचं. "सेतूच्या बोटांना जीभ आहे," असं अक्का चारचौघांत सांगायची, आणि मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

तिची धाकटी मुलगी हरिप्रिया. बाप लवकर गेला, अक्का शाळेत शिकवायला जायची, तेव्हा ती पोर माझ्याच स्वयंपाकघरात वाढली. तिचा डबा मी भरायचो. तिच्या तापात पेजही मीच पाजली. आता ती इथल्याच एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. राहते राघोत्तमकडे, अण्णा नगरला. माझी खोली विल्लिवाक्कमला. रविवारी ती जेवायला यायची.

अशाच एका रविवारी तिने पिशवीतून काडेपेटीच्या पुड्याएवढा एक डबा काढला आणि फोनला जोडला.

"मामा, बोट द्या."

"कशाला गे? इस्टेट लिहून घेतेस की काय? माझी इस्टेट म्हणजे दोन कढया आणि एक झारा."

"अय्यो मामा! रक्ताचा एक थेंब पाहिजे. माझ्या सेन्सरला."

मग तिने समजावून सांगितलं. टायफॉइडचा जंतू काही माणसांच्या पित्ताशयात घर करून राहतो. माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ता नसतो, पण त्याच्याकडून तो जंतू दुसऱ्यांना जातो. मात्र त्याच्या रक्ताला तो जंतू ठाऊक असतो. रक्त त्याच्याविरुद्ध एक पदार्थ तयार करतं. त्याला अँटिबॉडी म्हणतात.

"ती मी पकडते," ती म्हणाली.

"कशाने?"

"सोन्याने."

तिने एक छोटी बाटली दाखवली. आत तांबडं पाणी, कुंकू कालवल्यासारखं. म्हणे हेच सोनं. कण इतके बारीक केले की सोन्याचा रंगच बदलतो. एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर काळ्या कार्बनची शाई छापलेली, तिच्यावर हे सोन्याचे कण, आणि त्या कणांवर टायफॉइडच्या जंतूच्या सालीचा अंश चिकटवलेला. रक्तातली अँटिबॉडी आली की ओळखीच्या जागेवर बसल्यासारखी तिथे बसते. ती बसली की विजेची वाट अडते. फोनवर रेघ खाली येते.

"एवढे बारीक कण का पण?"

"बसायला जागा वाढते, मामा."

"म्हणजे खोबऱ्याची वाटी अख्खी घातली तर आमटीला किती लागणार, आणि खवून घातली तर किती."

"सरि, बरोबर, तसंच!" ती खूश झाली. "हे मी सरांना सांगते."

"माझं रक्त कशाला पण? मला कुठे टायफॉइड?"

"म्हणूनच. तुम्ही नॉर्मल. आमच्याकडे सगळी तरणी बोटं टोचून झाली, म्हातारं बोट एक पण नाही."

तिने बोट टोचलं, थेंब कसल्याशा पाण्यात मिसळला आणि पट्टीवर सोडला. मी फोनकडे बघत नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. लहानपणी गणित सुटेनासं झालं की ती खालचा ओठ आत घ्यायची, तसा तिने घेतला. नवी पट्टी काढली. पुन्हा केलं.

"काय झालं?"

"काही नाही. पट्टी खराब असेल."

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, पुन्हा थेंब घेतला. जेवायला मात्र बसली नाही. "पोट भरलंय मामा." त्याच्या पुढच्या वेळी हातात लॅपटॉप होता, घाई होती. मी डबा भरून दिला. तिने घेतला. तो डबा परत आला तेव्हा धुतलेला होता. तिला डबे धुवायची सवय नाही. मला ते वेगळं वाटलं, पण पोर मोठी झाली असं म्हणून मी सोडून दिलं.

तिथी जवळ आली तसा मी सामानाचं बोलायला अण्णा नगरला गेलो. राघोत्तम टीव्हीसमोर बसला होता. झोपाळ्यावर गुरुमूर्तीराव होते. ते अक्काच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून अशा कामांत त्यांचा शब्द चालतो.

"मामा, ह्या खेपेस तुम्ही नुसतं बसा," राघोत्तम म्हणाला. "तुमचं वय झालं."

"वय काय ह्या महिन्यात झालं? मागल्या महिन्यात तुझ्याच साहेबाच्या आईचं श्राद्ध केलं मी."

"एक चांगले लोक मिळालेत, पश्चिम माम्बलमचे. सगळं सोवळ्यात करतात."

"अक्का काय म्हणाली होती, तू ऐकलंस."

"अम्मा बोलली मामा, पण..." तो टीव्हीकडे बघायला लागला. टीव्हीचा आवाज बंद होता.

"सेतू, मान ठेव," गुरुमूर्तीराव म्हणाले. "तुला कुणी काढत नाही. पहिल्या पानावर बस, राजासारखा जेव."

"पहिल्या पानावर बसायला मी काय व्याही आहे?"

कुणी हसलं नाही. हरिप्रिया आतल्या खोलीत होती, दार अर्धं लोटलेलं. मी हाक मारली. "कॉल चालू आहे मामा," ती आतून म्हणाली.

मला वाटलं, माझा हात गेला. कुठल्या तरी श्राद्धात मीठ चुकलं असणार आणि माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही. घरी येऊन मी आमटी केली, श्राद्धाला करतो तशीच, न चाखता. उतरवली आणि मग चाखली. बरोबर होती. संध्याकाळी पुन्हा केली. तीही बरोबर होती. माणूस स्वतःवर संशय घ्यायला लागला की आमटी कितीही बरोबर आली तरी पटत नाही. मला पटलं नाही.

तिथीला थोडेच दिवस राहिले असताना हरिप्रियाचा फोन आला. "मामा, गुरुवारी आमच्या लॅबमध्ये डेमो आहे. बाहेरचे लोक येणार. तुम्ही याल? फक्त बोट द्यायचं."

आवाज गोड होता. मला वाटलं, पोर समेट करते आहे. मी कडबोळी तळली. तिच्या लॅबमधली पोरं माझ्या कडबोळ्यांवर तुटून पडायची. डबा घेऊन गेलो.

थंडगार खोली होती. इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूच्या कारखान्यांत कँटीन चालवणाऱ्या एका कंपनीचे लोक आले होते. तिचे सर त्यांच्याशी तमिळमध्ये बोलत होते. डबा मी टेबलावर उघडून ठेवला आणि दाखवलेल्या खुर्चीत बसलो. आधी रम्या नावाच्या पोरीचं बोट टोचलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिची रेघ उंच उभी राहिली. मग माझं. माझी रेघ खाली गेली, आणखी खाली गेली. पाहुणे पुढे वाकले. एकजण "आहा" म्हणाला.

सरांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या खांद्यावर नाही. म्हणाले, "यांना काही त्रास नाही. चालतात, फिरतात. पण यांच्या शरीरात टायफॉइडचा जंतू राहतो आहे, अशी ही खूण. असे लोक ओळखणं फार कठीण. आमची पट्टी पंधरा मिनिटांत ओळखते. आणि यांचा धंदा काय, ठाऊक आहे? हे आचारी आहेत."

कुणी तरी हसलं, मग गप्प झालं.

मला तमिळ येतं. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक नसेल. हरिप्रियाला ठाऊक होतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती लॅपटॉपमध्ये बघत होती. कडबोळ्यांच्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. निघताना रम्याने त्यातली एक उचलली, कागदी रुमालात गुंडाळली आणि "थँक्स तात्ता" असं, आजोबाला म्हणावं तसं म्हणून पर्समध्ये टाकली. तिचा हेतू चांगला होता. मला मात्र ती नसती उचलली तर बरं वाटलं असतं.

हरिप्रिया मागोमाग बाहेर आली. पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली बाक होता, तिथे आम्ही बसलो.

"कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"राघोत्तमला कधी सांगितलंस?"

"दुसऱ्यांदा तसंच आलं तेव्हा."

"गुरुमूर्तीरावांना?"

"अण्णाने सांगितलं असेल."

"आणि मला?"

तिने खिशातून पट्टीचं एक रिकामं पाकीट काढलं. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटलं बघ. पडद्यावर बघितलं. एवढा मोठा मी कधी दिसलो नव्हतो."

"मामा, असं नका ना बोलू." ती बोटांनी ते पाकीट कुरतडत होती. "आणि ते... तसं नक्की नाही."

"काय नक्की नाही?"

"अँटिबॉडी म्हणजे जंतू नव्हे. शरीराने कधी तरी त्याला बघितल्याची खूण, एवढंच. टायफॉइडची लस घेतली तरी हीच अँटिबॉडी येते. माझी पट्टी दोन्हींत फरक करू शकत नाही."

मला एक दुपार आठवली. दोन वर्षांपूर्वी मी इरुंगाट्टुकोट्टैच्याच बाजूच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काही दिवस काम धरलं होतं. आचाऱ्यांनी सगळ्यांनी टायफॉइडचं इंजेक्शन घ्यायचं असा तिथला नियम. मला सुईचं भय. दवाखान्यात माझा हात धरून कोण बसलं होतं? हीच. "डोळे मिटा मामा, मिरची चिरताना मिटता तसे," म्हणाली होती. बाहेर आल्यावर मला रोझमिल्क पाजलं होतं.

"तू होतीस बरोबर," मी म्हणालो.

"हो."

"विसरलीस?"

तिने हो म्हणावं म्हणून मी थांबलो. विसरली असती तर मी तिथल्या तिथे सोडून दिलं असतं. पोरं विसरतात.

"नाही मामा. रेघ खाली गेली तेव्हाच आठवलं होतं."

"मग नक्की कसं करतात?"

"शौचाची तपासणी. दोन-चार वेळा करायची. जंतू सापडला तर खरं."

"ती का नाही केलीस?"

"मला खरा वाहक मिळतच नव्हता. किती ठिकाणी विचारलं. सर म्हणायचे, पॉझिटिव्ह नसेल तर लोकांना दाखवणार काय? मग तुमचं आलं. इतकं छान आलं, मामा." हा शब्द तोंडातून गेला तसा तिने ओठ आत घेतला. "तपासणी स्वच्छ आली असती तर ते सॅम्पल गेलं असतं."

"म्हणून तुला कळायलाच नको होतं."

"हो."

"आणि अक्काचा स्वयंपाक?"

"मी अण्णाला एवढंच म्हटलं, नक्की होईपर्यंत मामांना स्वयंपाकाला नको. सेफ राहू."

"आणि नक्की तू होऊ देणार नव्हतीस."

ती रडायला लागली. हिचे डोळे मी कितीदा पुसले असतील त्याला हिशेब नाही. त्या दिवशी हात उचलला नाही. डबा उचलला आणि निघालो.

बसमध्ये डबा मांडीवर होता. शेजारची बाई म्हणाली, "काय सुंदर वास येतोय हो, ऐया." एरवी मी झाकण काढून तिच्यापुढे धरलं असतं. मी डबा घट्ट धरून बसलो. जर खरंच असलं तर, असं माझ्याच मनात आलं. पोरीने माझ्या अंगात काही सोडलंच असेल तर ते हे.

दुसऱ्या दिवशी मी आपला आपण सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, तपासू, पण काही दिवसांच्या अंतराने नमुने द्यावे लागतील, उत्तराला वेळ लागेल. तिथी त्याच्या आधी होती. तिथी थांबत नाही.

तिथून अण्णा नगरला गेलो आणि राघोत्तमला इंजेक्शनची हकीकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग झोपाळ्याकडे बघितलं.

गुरुमूर्तीराव म्हणाले, "सेतू, तूच सांग. श्राद्धाच्या भांड्याला कुणाचा स्पर्श झाला की काय, असा संशय आला तर तू काय करतोस? चौकशी करतोस?"

"नाही. बाजूला ठेवतो."

"मग?"

दुसऱ्या कुठल्या घरात जंतू आणि सोवळं यांची अशी गाठ पडली नसती. आमच्यात पडली. जंतूचा प्रश्न दवाखाना सोडवील. सोवळ्याचा कोण सोडवणार? आणि तो नियम तर या घरात मीच लावलेला. तरुण सुनांना मीच दटावत आलो होतो, संशय आला की भांडं बाहेर.

"भांड्याला बहीण नसते, गुरुमूर्तीराव," मी म्हणालो.

ते झोपाळ्याला पायाने रेटा देत राहिले. राघोत्तम म्हणाला, "मामा, घरात लहान पोरं आहेत, पाहुणे येणार. मला पण समजून घ्या." मी समजून घेतलं. तेच तर वाईट होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण मी आधी मामाला घरी बोलावून, दार लावून, सांगितलं असतं.

श्राद्धाच्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. राघोत्तम स्वतः गाडी घेऊन आला. "तुम्ही नसाल तर अम्मा येईल का?" असं म्हणाला. अक्काचं नाव घेतल्यावर मी धोतर नेसलो.

घरात होमाचा धूर भरला होता. मी सवयीने सरळ स्वयंपाकघराकडे गेलो. माम्बलमचा मुख्य आचारी उघडा, ओलेत्या पंच्यात, केळीच्या पानांवर वडे निथळायला ठेवत होता. मला त्याने ओळखलं. "या ऐया, आत या, तुमच्यापुढे आम्ही काय," म्हणाला. मी उंबऱ्यापाशी थांबलो. मागे वळून बघितलं. ये म्हणायला कुणी नव्हतं आणि नको म्हणायलाही कुणी नव्हतं. राघोत्तमची बायको, तिची आई, गुरुमूर्तीराव, सगळे बोलायचे थांबले होते. माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

मी हात पाठीमागे घेतले आणि दिवाणखान्यात येऊन बसलो.

मंत्र झाले, पिंड झाले, ब्राह्मण जेवून उठले. मग घरच्यांची पानं मांडली. मला खरंच पहिलं पान दिलं. मी जेवलो. आमटीत मीठ बरोबर होतं. वडे खुसखुशीत होते, खीर दाट होती. कुठे तरी काही तरी कमी निघेल आणि मी अक्काला मनातल्या मनात सांगेन, बघ, असं मला वाटत होतं. काही कमी निघालं नाही.

हरिप्रिया वाढायला होती. माझ्या पानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "सकाळी मी अण्णाला सगळं सांगितलं. मी का तपासणी केली नाही ते पण."

"मग?"

"म्हणाला, चार दिवस आधी बोलली असतीस तर."

राघोत्तम समोरच्या पानावर होता. त्याने मान वर केली नाही.

"मामा, उद्या मी तुम्हाला हॉस्पिटलात घेऊन जाते. तपासणी करू."

"मी जाऊन आलो. नमुने देतो आहे."

तिचा चेहरा उजळला. मग तो उजेड तिचा तिलाच लाजिरवाणा वाटला असावा. "रिपोर्ट आला की मला द्याल? स्वच्छ असेल तर मी सरांना दाखवीन. ते वाहकांतून तुमचं नाव काढून टाकतील. त्या कँटीनवाल्यांना पण सांगतील. त्यांच्याकडच्या सगळ्याच आचाऱ्यांनी इंजेक्शन घेतलंय, सगळ्यांचीच रेघ खाली जाईल..."

"रिपोर्ट माझा आहे. माझ्यापाशी राहील."

"पण मामा, त्याच्याशिवाय मी सरांना काय सांगू?"

"दवाखान्यात माझा हात धरून कोण बसलं होतं ते सांग. त्याला रिपोर्ट लागत नाही."

ती पळी हातात धरून उभी राहिली. पंगतीत दोघाचौघांनी माना वळवल्या. गुरुमूर्तीराव उगीच खाकरले.

"सर मला काढून टाकतील, मामा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तुम्ही एक कागद दिलात तर ते सोपं होईल. तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

माझ्यापुढे नुसता भात उरला होता. मी त्यात खळगा केला.

"ताक वाढ," मी म्हणालो.